आधी बॅटरी, मग मशीन: एका फिटिंग टीमची कॉर्डलेस खरेदी

दोन माणसांची टीम, काम फिटिंगचं. कपाटं, किचनची कॅबिनेट, दारं, भिंतीवरचे कंस. माल कारखान्यातून कापून येतो आणि ही दोघं तो जागेवर उभा करतात. जागा बहुतेकदा अर्धवट बांधकामातली. विजेचा पॉइंट एखाद-दुसरा, तोही दूर, आणि त्यावर फरशीवाल्याचं कटर आधीच लागलेलं. शिडीवर चढून वरच्या कॅबिनेटला स्क्रू मारायचा तर वायर शिडीच्या पायात अडकते. कपाटात शिरून मागचा स्क्रू आवळायचा तर वायर तोंडाशी येते. दिवसातला बराच वेळ वायर ओढण्यात आणि पॉइंट मोकळा होण्याची वाट बघण्यात जात होता, म्हणून कॉर्डलेसचा विचार.

एक प्रयत्न त्यांनी आधी केला होता. एक कॉम्बो पेटी घेतली होती: हॅमरवालं ड्रिल, दोन बॅटऱ्या, चार्जर आणि झाकण उघडलं की डोळे दिपतील एवढी बिटं. पेटीवर ४८ व्होल्ट छापलेलं, बॅटरीवर ६००० एमएएच (मिलिॲम्पिअर-तास, म्हणजे ६ ॲम्पिअर-तास). तक्रार अशी की प्लायमध्ये स्क्रू ठीक जातात, पण काँक्रीटमध्ये ८ मिलिमीटरची सात-आठ भोकं झाली की मशीन बसतं. मशीन दुरुस्तीचं काम करत असल्यामुळे ती पेटी माझ्या टेबलावर आली. दुरुस्तीसोबत दोघांतल्या मोठ्या मिस्त्रींनी, ज्यांना टीममधला धाकटा 'दादा' म्हणतो, एक प्रश्नही आणला: "पैसे एकदाच घालता येतील. काय घेऊ म्हणजे पुन्हा घ्यावं लागणार नाही?"

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. हातावर काम असणाऱ्या माणसाचं मशीन बंद पडलं की मशीनच्या किमतीबरोबर त्या दिवसाची मजुरी आणि दिलेला शब्दही जातो. म्हणून त्यांना काय घ्या हे लगेच न सांगता जुन्या पेटीपासून सुरुवात केली.

जुन्या बॅटरीत काय निघालं

बॅटरी उघडली तर आत पाच सेल, एकामागे एक जोडलेले. लिथियम-आयन सेलचा सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ असतो. पाच गुणिले ३.६ म्हणजे १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणजे पाचांचे २१. बाजारात १८ व्होल्ट, २० व्होल्ट मॅक्स आणि २१ व्होल्ट या तीन नावांनी जे विकलं जातं ते बहुतेक वेळा हेच पाच सेलचं पॅक असतं. डीवॉल्टची जी बॅटरी अमेरिकेत २० व्होल्ट मॅक्स म्हणून मिळते तीच युरोपात १८ व्होल्ट म्हणून मिळते. त्यात फसवणूक नाही, मोजण्याची वेळ वेगळी आहे इतकंच. तसंच १२ व्होल्टच्या नावाखाली मिळणाऱ्या छोट्या मशीनमध्ये तीन सेल असतात, म्हणजे १०.८. पण पाच सेलमधून ४८ व्होल्ट कुठल्याही वेळी मोजले तरी निघत नाहीत. पेटीवरचा तो आकडा निव्वळ छपाई होती.

एमएएचचंही तेच. सेल १८६५० जातीचे होते, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे. या आकारात सहसा मिळणारा चांगला सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो, आणि मशीनला लागणारा जोरदार करंट देणारे सेल साधारण २००० ते ३००० च्या दरम्यान असतात. एकामागे एक जोडल्यावर व्होल्टेज वाढतो, एमएएच वाढत नाही. त्यामुळे एका रांगेतल्या पाच १८६५० सेलच्या पॅकवर ६००० लिहिलं असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. आमच्या हातातला पॅक डिस्चार्ज करून मोजला तेव्हा तो जेमतेम १.३ ॲम्पिअर-तास भरला, आणि त्यातही एक सेल बाकीच्यांपेक्षा बराच खाली गेलेला. सेल एका रांगेत असले की सगळ्यात कमजोर सेल खाली आला की संपूर्ण पॅक थांबतो, बाकीच्या चारांत जीव शिल्लक असला तरी.

(पॅक उघडण्याचा हा भाग कोणी घरी करून बघू नये. स्क्रूड्रायव्हर घसरून दोन टोकं एकत्र आली किंवा सेलला भोक पडलं तर आग लागते, आणि लिथियम सेलची आग विझवणं सोपं नसतं. पॅक न उघडता करण्याची परीक्षा वजनाची आहे. एक १८६५० सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. ४ ॲम्पिअर-तासच्या पॅकमध्ये बहुधा असे दहा सेल लागतात, त्यांचेच साडेचारशे ग्रॅम झाले, वर खोकं आणि पट्ट्या. तेव्हा मोठ्या खोक्याची '४ ॲम्पिअर-तास' बॅटरी हातात घेतल्यावर साडेतीनशे-चारशे ग्रॅमच भरत असेल, तर आत दहा सेल नाहीत आणि अर्धं खोकं रिकामं आहे.)

दादांना या हिशोबाचा राग आला आणि तो रास्त होता. छापील आकड्यावर विश्वास ठेवून मेहनतीचे पैसे दिले होते. पण या रागातून एक सवय लागली: पुढच्या प्रत्येक बॅटरीवर व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास करून वॉट-तास काढायचे. १८ गुणिले २ म्हणजे ३६. १८ गुणिले ४ म्हणजे ७२. १८ गुणिले ५ म्हणजे ९०. बॅटरीत काम किती भरलेलं आहे ते या आकड्यात दिसतं, आणि वेगवेगळ्या नावांच्या बॅटऱ्या एकाच मापात येतात.

दिवसभराचं काम किती वॉट-तासांचं

कॅटलॉग बघण्याआधी त्यांना दिवसाचं काम लिहून काढायला लावलं. धाकट्याने वहीत नोंद ठेवली. मोठ्या कामाच्या दिवशी अडीचशे ते तीनशे स्क्रू, बहुतेक प्लाय आणि पार्टिकल बोर्डमध्ये. बिजागरीच्या वाटीची ३५ मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं. भिंतीत किंवा काँक्रीटमध्ये गिट्टीसाठी (स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवतात तो प्लग) ८ मिलिमीटरची पन्नास-साठ भोकं, साधारण ५० मिलिमीटर खोल. थोडं कापणं: पट्टी, कडा, कधी एखादा बाहेर आलेला बोल्ट.

मग प्रत्येक कामाला अंदाजे किती ऊर्जा लागते ते काढलं. छोटं रोटरी हॅमर (ठोके देत भोक पाडणारं मशीन, त्याबद्दल पुढे) काँक्रीटमध्ये साधारण २० ॲम्पिअर ओढतं असं धरलं आणि एका भोकाला दहा सेकंद, तर १८ व्होल्टवर ३६० वॉट गुणिले दहा सेकंद, म्हणजे एक वॉट-तास. साठ भोकांना साठ. स्क्रूला दोन सेकंद आणि त्याहून कमी करंट. तीनशे स्क्रूंचे मिळून तीस ते पंचेचाळीस. बिजागरीच्या वाट्यांचे दहा-बारा. एकूण शंभर ते एकशेवीस वॉट-तासांचा दिवस. भिंत कठीण निघाली, बिट बोथट असलं की हा आकडा चढतो, म्हणून त्यावर काही राखीव धरावं लागतं. पडताळायचं असेल तर चार्जरच्या प्लगमध्ये वीज मोजायचं छोटं मीटर लावून आठवडाभर नोंद ठेवता येते. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटर जरा जास्तच दाखवतं, पण खरेदीसाठी तो अंदाज पुरेसा असतो.

४ ॲम्पिअर-तासच्या दोन बॅटऱ्या म्हणजे १४४ वॉट-तास. त्यातली एक दुपारी पुन्हा चार्ज झाली तर दोनशेच्या वर. म्हणजे या टीमला चार-पाच बॅटऱ्यांची गरजच नव्हती. दोन चांगल्या आणि एक हलकी पुरणार होती. जुन्या पॅकमध्ये होते जेमतेम २३ वॉट-तास, आणि त्या हॅमर ड्रिलला एका भोकाला दहाऐवजी तीस-चाळीस सेकंद लागत होते. सात-आठ भोकांतच मशीन का बसतं याचं उत्तर याच गणितात होतं.

याच वहीने आणखी एक निर्णय दिला, जो मला पूर्ण खरेदीतला सगळ्यात मोठा वाटतो. ग्राइंडर, सर्क्युलर सॉ आणि धूळ ओढायचं व्हॅक्यूम कॉर्डलेस घ्यायचं नाही. जोर लावलेलं ग्राइंडर सहज ८०० वॉट ओढतं. ९० वॉट-तासांची मोठी बॅटरी त्या दराने सात मिनिटंही पुरत नाही. ज्याला सलग ताकद लागते त्या मशीनला वायर हवी. ज्याला क्षणभर ताकद आणि सतत हलणं लागतं त्याला बॅटरी. त्यांच्याकडे वायरचं ग्राइंडर आणि सॉ होते, दोन्ही ठणठणीत. ते तसेच ठेवले. फक्त एक्स्टेन्शनची वायर जाड घेतली, आणि गुंडाळी असलेला रीळ पूर्ण उलगडूनच वापरायचा असं ठरलं. गुंडाळलेल्या वायरवर जड मशीन चालवलं की आतली वायर तापते आणि इन्सुलेशन वितळू शकतं.

पाच-सहा मशीनचे मोठे संच दुकानात डोळ्यात भरतात, आणि त्यांची दर मशीनमागची किंमत खरोखरच कमी पडते. पण या दोघांच्या वहीत त्यातली निम्मी मशीन नव्हतीच.

बॅटरी कोणाची

कॉर्डलेस मशीन घेताना आपण खरं तर एक खाच निवडत असतो, ज्यात ती बॅटरी सरकते. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही बसत नाही: बॉशची निळी १८ व्होल्ट आणि हिरवी १८ व्होल्ट यांच्या बॅटऱ्या वेगळ्या आहेत. एक चांगली ४ ॲम्पिअर-तास बॅटरी बऱ्याचदा साध्या ड्रिलच्या नुसत्या बॉडीच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून पहिल्या खरेदीत खाच निवडली की पुढची मशीन बॅटरीशिवाय, नुसती बॉडी म्हणून घेता येतात आणि खरी बचत तिथून सुरू होते.

खाच किती वर्षं टिकली हे बघायला जुना इतिहास उपयोगी पडतो. र्‍योबीने वन प्लस ही १८ व्होल्टची खाच १९९६ मध्ये आणली, तेव्हा आतमध्ये निकेल-कॅडमियम होतं. आज लिथियम आहे आणि खाच तीच. मकिताची एलएक्सटी मालिका २००५ पासून चालू आहे. मेटाबोने २०१८ मध्ये कॉर्डलेस अलायन्स सिस्टिम सुरू केली, ज्यात अनेक कंपन्यांची मशीन एकाच बॅटरीवर चालतात. अशी उदाहरणं असली की आज घेतलेली बॅटरी आठ वर्षांनी अडगळीत जाणार नाही असा भरवसा वाटतो. नवख्या, स्वस्त ब्रँडच्या बाबतीत असा इतिहास नसतो. म्हणून तो वाईटच असतो असं नाही, पण त्याची सुटी बॅटरी आज वेगळी विकत मिळते का, एवढं तरी दुकानात विचारायलाच हवं. मिळत नसेल तर ते मशीन दोन बॅटऱ्यांच्या आयुष्याइतकंच.

इथे तीन पर्याय समोर आले. एक, पुन्हा एखादी स्वस्त कॉम्बो पेटी, यावेळी जास्त मशीनची. दोन, नावाजलेल्या कंपनीची किफायती मालिका: खाच महागड्या मालिकेचीच, पण मोटर कार्बनची (कार्बन आणि ब्रशलेस यांतला फरक पुढे येतो) आणि बॉडी साधी. तीन, त्याच कंपनीची वरची ब्रशलेस मालिका, सगळी मशीन एकदम.

चौथाही एक पर्याय असतो आणि धाकट्याने तो काढलाच: मशीन कंपनीचं, बॅटरी त्या खाचेत बसणारी दुसऱ्याची, अर्ध्याहून कमी किमतीची. यावर माझं मत स्पष्ट आहे. चांगल्या सिस्टिममध्ये बॅटरी आपलं तापमान आणि सेलची स्थिती चार्जरला किंवा मशीनला कळवते. मर्यादा ओलांडली की मशीन थांबतं, पॅक गरम असला की चार्जर वाट बघतो. नकली पॅकमध्ये ही माहिती देणारा भाग कधी नसतो, कधी नुसता देखाव्यापुरता असतो. हलक्या स्क्रूकामाला तो वर्षभर चालेलही. पण रोटरी हॅमरसारखं भरपूर करंट ओढणारं मशीन त्यावर चालवायचं आणि रात्री घरात तो चार्जिंगला लावून झोपायचं, हे मी कोणाला सांगणार नाही.

कार्बन की ब्रशलेस

कार्बनच्या मोटरमध्ये दोन कार्बन मोटरच्या फिरत्या भागावर, आर्मेचरवर, घासतात आणि वीज आत पोचवतात. घासतात म्हणून झिजतात, ठिणग्या देतात आणि थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतात. ब्रशलेसमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट करतं. घर्षण कमी, त्याच बॅटरीवर काम जास्त, आणि तेवढ्याच ताकदीला मोटर लहान.

दुरुस्तीच्या बाजूने बघितलं तर चित्र थोडं वेगळं दिसतं. कार्बन संपले तर बऱ्याच मशीनमध्ये पाच मिनिटांत बदलता येतात आणि ते अगदी स्वस्त असतात. काही बारीक मशीनमध्ये मात्र कार्बन बाहेरून काढताच येत नाहीत, म्हणून घेताना बाजूला कार्बनची टोपी आहे का ते बघावं. ब्रशलेसचं सर्किट बहुधा रेझिनमध्ये ओतलेलं असतं. ते गेलं की सुटा भाग बदलता येत नाही, पूर्ण सर्किट बदलावं लागतं, आणि त्याची किंमत मशीनच्या किमतीचा मोठा हिस्सा असते. त्यामुळे ब्रशलेस घेतलं तर वॉरंटी आणि सर्व्हिस सेंटर किती जवळ आहे याला दुप्पट वजन द्यावं.

या टीमसाठी निर्णय मशीन बघून केला. इम्पॅक्ट ड्रायव्हर, म्हणजे झटके देत स्क्रू आवळणारं मशीन, दिवसभर हातात, म्हणून ते ब्रशलेस. बिजागरीच्या वाट्या पाडणारं ड्रिल दिवसातून अर्धा तास चालतं, म्हणून ते किफायती मालिकेतलं, कार्बनचं. ब्रशलेसचा जादा पैसा कधी वसूल होतो याचं साधं माप हे: त्यामुळे एक बॅटरी कमी घ्यावी लागली तर वसूल झाला. ड्रिलच्या बाबतीत तसं होणार नव्हतं.

टॉर्कच्या, म्हणजे पिळण्याच्या जोराच्या, आकड्यांवर दादा बराच वेळ अडकले होते: एका ड्रिलवर ५०, दुसऱ्यावर ६५ न्यूटन-मीटर. हे आकडे बहुधा कठीण जोडावर, क्षणभरासाठी मोजलेले असतात. प्लायमध्ये जाणाऱ्या ४ मिलिमीटर स्क्रूला त्यातला थोडासाच भाग लागतो. फिटिंगच्या कामात ड्रिलचा चक (बिट धरणारा जबडा) सरळ फिरतो का, क्लच (ठरावीक जोर आला की फिरणं सोडणारा भाग) हलक्या आकड्यांवर नीट सुटतो का आणि स्विच हळूहळू वेग वाढवतो का, याला जास्त अर्थ आहे. चकमध्ये एक लांब सरळ बिट लावून फिरवलं की डगमग डोळ्यांनी दिसते.

भिंतीतली भोकं

सगळ्यात मोठा फरक इथे पडला, आणि या भागावर मी मुद्दाम वेळ काढला, कारण फिटिंगवाल्यांची बॅटरी आणि मनगट दोन्ही इथेच संपतात.

हॅमर ड्रिलमध्ये दातांच्या दोन चकत्या एकमेकींवर घासत जातात आणि बिट बारीक बारीक उड्या मारतं. मिनिटाला पंचवीस-तीस हजार ठोके पडतात, पण प्रत्येक ठोका अगदी हलका. विटेत ते चालतं. काँक्रीटमध्ये खडी लागली की माणूस पूर्ण अंगाने दाबतो, बिट तापतं, मोटर तापते, बॅटरी बसते. रोटरी हॅमरची रचनाच निराळी आहे. आत एक पिस्टन हवा दाबतो आणि ती दाबलेली हवा एका ठोकणीला पुढे फेकते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण प्रत्येक ठोका खडी फोडणारा. या मशीनला दाबायचं नसतं, नुसतं धरायचं असतं. जास्त दाबलं तर काम उलट मंदावतं. बिट एसडीएस-प्लसचं लागतं, १० मिलिमीटर जाडीच्या खाचदार दांड्याचं, जे चकमध्ये आवळलं जात नाही तर पुढे-मागे सरकतं.

दुकानात दोन लेबलं शेजारी ठेवली की तीस हजार ठोके साडेचार हजारांपेक्षा भारी दिसतात, आणि गिऱ्हाईक नेमकं चुकीचं मशीन उचलतं. रोटरी हॅमरमध्ये बघायचा आकडा ज्यूलचा, म्हणजे एका ठोक्यातल्या ऊर्जेचा. ६ ते ८ मिलिमीटरच्या गिट्टीच्या भोकांना एक ज्यूलच्या आसपासचं छोटं मशीन पुरतं. मोठं घेतलं तर डोक्यावर हात उंचावून दिवसभर धरवत नाही.

घेण्याआधी त्यांना एक करायला सांगितलं: कोणाकडून तरी रोटरी हॅमर मागून घ्या आणि तुमच्याच साइटवर, त्याच भिंतीत, जुन्या ड्रिलशेजारी चालवून बघा. धाकटा परत आला तो म्हणाला, "दादांनी भोक पाडलं आणि मशीनकडे बघतच राहिले." त्यानंतर या मशीनवर वाद झाला नाही. यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं आणि त्यासाठी ड्रिलचा हॅमरवाला प्रकार रद्द झाला. साधं ड्रिल हलकं असतं आणि त्यात बिघडणारे भाग कमी.

धुळीचं इथेच सांगतो. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. वरच्या बाजूला भोक पाडताना बिटावर रबरी वाटी आणि तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क हा खर्च खरेदीच्या यादीत मशीनच्याच ओळीत लिहिला. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज बंद कपाटात कानठळ्या बसवतो, म्हणून कानातले प्लगही.

घेतलं काय

दुसरा आणि तिसरा पर्याय मिसळून खरेदी झाली, सगळी एकाच खाचेची. छोटं एसडीएस-प्लस रोटरी हॅमर, ब्रशलेस इम्पॅक्ट ड्रायव्हर, किफायती मालिकेतलं साधं ड्रिल. ४ ॲम्पिअर-तासच्या दोन बॅटऱ्या आणि २ ची एक. लहान बॅटरी शिडीवरच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरला, मोठ्या दोन हॅमरला.

मोठ्या बॅटऱ्या हॅमरला देण्याचं कारण फक्त जास्त वेळ चालणं एवढंच नाही. ४ च्या पॅकमध्ये बहुधा दोन-दोन सेलच्या जोड्या असतात. मशीनने २० ॲम्पिअर ओढले तर प्रत्येक सेलवर १० येतात. एकेरी रांगेच्या पॅकमध्ये प्रत्येक सेलला पूर्ण २० द्यावे लागतात. करंट दुप्पट झाला की सेलमध्ये तयार होणारी उष्णता चौपट होते. लहान पॅकवर जड मशीन चालवलं तर ते चालतं, पण दर वेळी त्या पॅकचं आयुष्य खातं.

एका गोष्टीवर दुकानात घासाघीस झाली ती चार्जरवर. संचासोबत येणारा चार्जर २ ॲम्पिअरचा होता. ४ ॲम्पिअर-तासची रिकामी बॅटरी त्यावर भरायला दोन तासांहून जास्त लागतात, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत काहीच होत नाही. वर काढलेला हिशोब दुपारच्या चार्जवर उभा होता. त्यांनी संच सोडून सुटी मशीन आणि त्याच कंपनीचा वेगवान चार्जर घेतला, आणि त्यासाठी तिसरी मोठी बॅटरी सोडली. मला हा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. चार्जर वेगवान असेल तर दोन बॅटऱ्या तिघींचं काम करतात.

वापर सुरू झाल्यावर

काही महिन्यांनी ते पुन्हा आले तेव्हा वहीही सोबत होती. भोकांचा अंदाज चांगला उतरला. स्क्रूंना ठरवल्यापेक्षा कमी ऊर्जा लागली. जुनं काँक्रीट निघालं त्या दिवशी मात्र दोन्ही मोठ्या बॅटऱ्या दुपारपर्यंत रिकाम्या झाल्या आणि भोकांसाठी जुनं वायरचं मशीन बाहेर काढावं लागलं. अशा दिवसासाठी ते जपून ठेवलंय हे चांगलंच.

काही सवयी त्यांनी लावून घेतल्या आहेत. हॅमरमधून काढलेला गरम पॅक लगेच चार्जरवर न ठेवता आधी सावलीत थंड करायचा. उन्हात उभ्या गाडीत बॅटऱ्या ठेवायच्या नाहीत. काम बरेच दिवस बंद असेल तर अर्ध्या चार्जवर ठेवायच्या, भरून नाही आणि पूर्ण रिकाम्याही नाही. प्रत्येक पॅकवर मार्करने खरेदीचा महिना लिहिला आहे आणि आलटून पालटून वापरतात, म्हणजे एकच झिजत नाही. बिलाचा फोटो फोनमध्ये आहे. एका पॅकने लवकर दम सोडायला सुरुवात केली तेव्हा बिल आणि सिरियल नंबर दाखवून तो वॉरंटीत बदलून मिळाला. जुन्या कॉम्बो पेटीच्या बाबतीत दाद कुठे मागायची हेच ठाऊक नव्हतं.

आता धाकट्याला कॉर्डलेस सर्क्युलर सॉ हवा आहे. खाच तीच, म्हणून नुसती बॉडी घ्यायची. दादांचं म्हणणं, कापायला माल कारखान्यातून येतो. वही बघितली तर जागेवरचं कापणं आठवड्यात दोन-तीन वेळा, दर वेळी चार-सहा काप, तेही १८ मिलिमीटर प्लायचे. एवढे काप ४ च्या बॅटरीवर आरामात होतील, पण त्या दिवशी ती बॅटरी हॅमरला मिळणार नाही. म्हणजे सॉसोबत तिसरी मोठी बॅटरीही धरावी लागेल, आणि खर्चाचा मोठा भाग तीच असेल. जिथे विजेचा पॉइंटच नाही अशा साइट वाढल्या तर घ्यावा. तोवर वायरचा सॉ आणि जाड एक्स्टेन्शन. धाकट्याने वहीत नवा रकाना पाडला आहे: किती वेळा पॉइंट मिळाला नाही म्हणून कापणं अडलं. तो रकाना भरेल तेव्हा सॉ घेतील.